जैतापूरसाठी वीस वर्षं थांबलो, आता हिशेब द्या

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. सचिव, अणुऊर्जा विभाग, भारत सरकार

स. न. वि. वि.

मी राजापूर तालुक्यात खाडीकाठी बर्फाचा कारखाना चालवते. नाटे, साखरी नाटे, जैतापूर, आंबोळगड या पट्ट्यातल्या होड्या माझ्याकडून बर्फ नेतात. कारखाना सासऱ्यांनी उभा केला, गेली चौदा वर्षं मी बघते. पाणी आणि वीज, एवढाच माझा कच्चा माल. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे साचे सोडायचे, कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि वाट बघायची. लादी धरायला अख्खा दिवस लागतो. नीट धरली तर काचेसारखी निघते, मधोमध बोटभर पांढरा गाभा राहतो. वीज मध्येच गेली की गाभा वाढतो, लादी पोकळ निघते आणि होडीवर चढवेपर्यंत मोडते. आमचे खलाशी नुसता हात लावून सांगतात, "वहिनी, रात्री लाईट गेलेली ना?"

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या फीडरवर पाच दिवस वीज नव्हती. खांब आडवे झाले होते, टाळेबंदी चालू होती, जनरेटरला डिझेल मिळेना. वादळाच्या इशाऱ्याने परत फिरलेल्या होड्यांच्या खणांत बांगडा होता, थोडी सुरमई होती. दुसऱ्या रात्री टाकीतलं पाणी तापायला लागलं, साच्यातल्या लाद्या कडेने सुटून तरंगायला लागल्या. मी विजेरी घेऊन साच्यांवरून फिरत होते आणि करण्यासारखं हातात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती मासळी खड्डा काढून पुरली. एक वयस्क तांडेल (होडीचे प्रमुख) मला म्हणाले, "पैशाचं सोड गो, एवढं अन्न मातीत गेलं."

वीज नसणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पावर आमच्या बाजूने कोणी चार शब्द बोललं की लगेच विचारलं जातं, "मग तुम्हाला वीज नको का?" आम्हाला वीज हवी आहे. आज हवी आहे, परवडेल अशी हवी आहे, आणि आमच्या खांबापर्यंत पोचेल अशी हवी आहे.

हे पत्र आत्ताच का लिहिलं, तेही सांगते. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचं लक्ष्य जाहीर झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने 'शांती' कायदा केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुदुर्घटनेच्या नुकसानभरपाईचा कायदा, दोन्ही गेले. खासगी कंपन्यांना दार उघडलं. तेव्हापासून जैतापूरचं नाव पुन्हा बातम्यांत यायला लागलं आहे, आणि गावात पुन्हा तेच सुरू झालं आहे: घर बांधू की नको, कलमं लावू की नको, मुलाला मुंबईहून परत बोलावू की नको. वीस वर्षं हे असंच चाललंय. मला आता गप्प बसवत नाही.

या वीस वर्षांचा हिशेब आधी मांडते.

२००५ मध्ये माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, अणुप्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरलीवाडा या गावांची मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. खातेदार दोन हजारांवर. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली आणि त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष भारतात आले असताना अरेवा या फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाला. १,६५० मेगावॅटची एक, अशा सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. आज जगातला सर्वात मोठा अणुवीज प्रकल्प जपानमधला काशिवाझाकी-कारिवा आहे, ८,२१२ मेगावॅटचा. त्याच्याहून मोठा प्रकल्प आमच्या सड्यावर येणार होता.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार गेला. पुढे अरेवा स्वतःच डबघाईला आली, तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच सरकारी कंपनीकडे गेला. ईडीएफने एप्रिल २०२१ मध्ये बांधील प्रस्ताव दिला. अंतिम करार अजून झालेला नाही. जमीन घेतली गेली, कुंपण पडलं, एक जीव गेला, आणि वीज मात्र एक युनिटसुद्धा आली नाही.

याच काळात देशात दुसरीकडे काय झालं? २०१४ मध्ये भारताची सौर क्षमता तीन हजार मेगावॅटच्या आतबाहेर होती. जानेवारी २०२५ मध्ये तिने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात जवळपास २४ हजार मेगावॅट सौर क्षमता बसली. आता कोणी म्हणेल, मेगावॅटची तुलना करू नका, सूर्य रात्री नसतो. बरोबर आहे. म्हणून युनिटमध्ये बोलू. पॅनेलं वर्षभरात सरासरी आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाएवढीच चालतात असं धरलं, तरी त्या एका वर्षात बसलेली पॅनेलं दर वर्षी जेवढी वीज देतील, ती देशातल्या सगळ्या अणुभट्ट्या मिळून वर्षाला देतात त्याच्या साधारण पाऊणपट भरते. तारापूरची पहिली भट्टी १९६९ मध्ये चालू झाली. तेव्हापासून इतक्या वर्षांत उभं राहिलं, त्याच्या पाऊणपट आपल्याच देशाने एका वर्षात उभं केलं. गरीब देशाला लागणाऱ्या विजेचा विचार करताना हा वेगच सर्वात आधी मोजायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ज्या घरात आज अंधार आहे, त्याला २०४७ चं आश्वासन देऊन काय उपयोग?

जी भट्टी आमच्याकडे यायची आहे, तिचा बाहेरचा अनुभवही तुमच्याकडे नक्की आहे. तरी लोकांसाठी लिहिते. फ्रान्समध्येच, बनवणाऱ्यांच्या घरी, फ्लामानव्हिल इथे 'ईपीआर' नावाच्या याच फ्रेंच जातीच्या भट्टीचं काम डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालं. २०१२ मध्ये चालू व्हायची होती, ३.३ अब्ज युरोत. ग्रिडला जोडली गेली २१ डिसेंबर २०२४ रोजी, आणि खुद्द कंपनीच्या हिशेबाने खर्च १३ अब्ज युरोंच्या पुढे गेला. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोचं काम २००५ मध्ये सुरू झालं, २००९ ची मुदत होती, नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली. चीनमधल्या ताइशानच्या दोन भट्ट्याही उशिरा झाल्या, पण २०१८ आणि २०१९ मध्ये चालू झाल्या, हे मान्य केलं पाहिजे. इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंटला याच भट्टीच्या विजेला २०१२ च्या किमतीत मेगावॅट-तासाला ९२.५० पौंड असा दर बांधून दिला आहे, तोही महागाईप्रमाणे वाढत जाणारा. म्हणजे तेव्हाच्याच पैशांत युनिटला सव्वानऊ पेन्स, आपल्या रुपयांत आठ-दहा. इकडे आपल्याच राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तीन रुपयांच्या आसपास दराने वीज घेतली जाते. बॅटरीच्या साठवणीसकट सौर वीज साडेतीन रुपयांच्या आसपास मिळाल्याचे लिलाव २०२४ मध्ये झाले.

जैतापूरची वीज काय भावाने पडणार, हे लेखी, कराराने बांधलेल्या आकड्यात आम्हाला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आणि रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रश्न विचारायचा अधिकार जास्तच आहे. आमच्याच गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आला होता. १९९२ मध्ये समझोता, १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू, आणि २००१ च्या मे महिन्यात बंद. युनिट सात रुपयांवर गेलं होतं, त्या काळात. परदेशी कंपनी, मोठा आकडा, घाईचा करार आणि न परवडणारी वीज, हे सगळं आम्ही एकदा भोगलं आहे. त्या वेळी राज्य वीज मंडळ किती खोल गेलं होतं, हे ऊर्जा खात्यात जुनी माणसं असतील त्यांना विचारा.

आपल्यासारख्या देशांत हे इतरत्रही घडलं आहे. फिलिपाइन्सने बातान इथे ६२१ मेगावॅटचं अणुवीज केंद्र १९७६ मध्ये बांधायला घेतलं, दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च करून जवळपास पुरं केलं. १९८६ मध्ये मार्कोसची सत्ता गेली, चेर्नोबिल झालं, आणि भट्टीत इंधन न घालताच ते बंद करून ठेवलं. त्याचं कर्ज त्या देशाची जनता २००७ पर्यंत फेडत होती. न आलेल्या विजेचं बिल तीस वर्षं. बांगलादेशाने रूपपूरला मिळून २,४०० मेगावॅटच्या दोन भट्ट्या घेतल्या, साडेबारा अब्ज डॉलरच्या पुढे, त्यातलं ९० टक्के रशियाचं कर्ज. पहिली २०२३ मध्ये चालू व्हायची होती, ती मुदत हुकली. आणि पाकिस्तानात २०२४ या एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॅटची सौर पॅनेलं आयात झाली. कुठल्या महाप्रकल्पासाठी नव्हे. महागड्या बिलांना आणि भारनियमनाला कंटाळलेल्या घरांनी, शेतकऱ्यांनी, कारखान्यांनी ती आपापल्या छपरांवर चढवली.

मीही तेच केलं. दोन वर्षांपूर्वी बँकेचं कर्ज काढून छतावर ४० किलोवॅटची पॅनेलं बसवली. दहा टनांच्या कारखान्याला मला दिवसाला सातशेच्या आसपास युनिट लागतात. चांगलं ऊन असेल त्या दिवशी पॅनेलं १६० युनिट देतात, म्हणजे चौथ्या हिश्शाच्या जरा खाली. बाकीची वीज तारेतूनच येते. मी आकडा फुगवून सांगत नाही. पण एक गोष्ट मला हे करतानाच कळली. बर्फ म्हणजे साठवलेली वीजच आहे. दुपारच्या उन्हात लादी धरून ठेवली की ती रात्रभर खोलीत बसते आणि पहाटे होडीबरोबर समुद्रावर जाते. मला सूर्य रात्री लागतच नाही. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंदी असते, म्हणजे ऊन नसतं तेव्हा माझा कारखानाही बंदच असतो. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत बर्फाला मागणी असते आणि आकाशही मोकळं असतं. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बर्फ कारखान्याची, प्रत्येक शीतगृहाची हीच गोष्ट आहे. आंबेवाल्यांचंही तसंच: हापूसचा हंगाम म्हणजे मार्च ते मे, भर उन्हाचा.

पॅनेलं अकरा दिवसांत बसली. नेट मीटर, म्हणजे उरलेली वीज तारेत परत देऊन बिलातून वळती करणारा मीटर, मिळायला नऊ महिने लागले. ज्या कार्यालयात मी त्यासाठी खेटे घातले त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही. ट्रान्सफॉर्मरची क्षमता नाही, मग मीटर शिल्लक नाही, मग तपासणीला माणूस नाही. नऊ महिने दुपारी उरलेली वीज, कॉम्प्रेसर बंद असेल तेव्हा, वाया गेली. अकरा दिवसांच्या कामाला नऊ महिने लावणारी व्यवस्था आणि जैतापूरसाठी वीस वर्षं जमीन अडवून ठेवणारी व्यवस्था, या दोन्ही तुमच्याच धोरणातून आल्या आहेत. मोठ्या प्रकल्पाकडे सगळं लक्ष आणि खांबावरच्या तारेकडे कोणाचंच नाही.

आता सौरवाल्या माझ्या मित्रांना न आवडणाऱ्या दोन गोष्टी.

कोकणात चार महिने पाऊस असतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात तेव्हा आभाळ भरलेलं असतं. ऑगस्टमधल्या काही दिवशी माझी ४० किलोवॅटची पॅनेलं तीस-चाळीस युनिटांवर येतात. तेव्हा नुसत्या सौर विजेवर हे राज्य चालणार नाही. पण त्याच महिन्यांत घाटमाथ्यावर वारा असतो, साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या तेव्हाच सर्वात जोरात फिरतात. त्याच महिन्यांत धरणं भरतात, आणि कोयनेचे १,९६० मेगावॅट त्याच पाण्यावर आहेत. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. जादा वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, हवी तेव्हा खाली सोडायचं. सह्याद्रीसारखी उंच भिंत आणि तिच्या पायथ्याशी पाणी, हे ज्या राज्याला आहे त्याने साठवणुकीची काळजी करायची म्हणजे आपल्या घरातली पेटी उघडून न बघण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. माडबनच्या त्याच ९३८ हेक्टरवर सगळीकडे पॅनेलं मांडली तरी पाचशे मेगावॅटच्या आसपासच बसतील, आणि त्यांची वर्षाची वीज ९,९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पापुढे फारच थोडी. जागेच्या बाबतीत अणुऊर्जेचं म्हणणं खरं आहे. भट्टी रात्रंदिवस चालते हेही खरं. चंद्रपूरच्या राखेत जी माणसं श्वास घेतात, त्यांच्यासाठी कोळसा जितका लवकर कमी होईल तितकं बरं, हेही मी मानते. आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या बळावर उभ्या केलेल्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्या काक्रापारला २०२३ आणि २०२४ मध्ये, रावतभाट्याला २०२५ मध्ये चालू झाल्या. त्याचा मला अभिमान आहे. म्हणून मी अणुऊर्जा देशातून हद्दपार करा असं म्हणत नाही, आणि सड्यावर पॅनेलं पसरा असंही म्हणत नाही. त्या सड्याला सरकारी कागदात 'पडीक' म्हटलं गेलं. पावसात त्याच कातळावर गुरं चरतात, त्याच्या खळग्यांत भात होतो, कडेकडेने हापूसची कलमं आहेत, आणि अशाच सड्यांवर आमच्या तालुक्यात हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं सापडली आहेत. माझा आक्षेप जैतापूरला आहे: ही भट्टी, या आकाराचा प्रकल्प, या किमतीला, या अटींवर.

अटींमध्ये मला सर्वात जास्त खुपते ती जबाबदारीची. २०१० चा कायदा भोपाळच्या आठवणीतून झाला होता. यंत्रसामग्रीत दोष निघाला आणि त्यामुळे अपघात झाला, तर प्रकल्प चालवणाऱ्याने यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करायची, असं कलम त्यात होतं. नव्या कायद्यात ते कलम राहिलं नाही. करारात लिहिलं असेल, नाहीतर कोणी जाणूनबुजून नुकसान केलं असेल, तरच वसुली. मोठ्यात मोठ्या प्रकल्पासाठी चालवणाऱ्याच्या जबाबदारीची मर्यादा तीन हजार कोटी. फुकुशिमात दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. किरणोत्सर्गाने नव्हे, तर त्या पळापळीत, स्थलांतरात, दवाखान्यांतून हलवताना दोन हजारांवर माणसं दगावली. तीन हजार कोटी म्हणजे एका भट्टीच्या किमतीचा किती बारीक तुकडा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझ्या कारखान्यात अमोनिया आहे. गळती झाली आणि शेजारच्या घरात कोणाला काही झालं, तर "यंत्र दुसऱ्याने बनवलंय" म्हणून मला सुटता येणार नाही, आणि येऊही नये. मग तुमच्या भट्टी बनवणाऱ्याला का सुटता यावं? ती इतकी सुरक्षित असेल तर जबाबदारी घ्यायला तो का घाबरतो? हा प्रश्न आमच्या जेटीवर बसलेला खलाशीसुद्धा विचारतो आणि त्याला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

आपत्ती आली तर १६ किलोमीटरच्या परिघात आराखडा लागतो. त्या परिघात वळणावळणाचे अरुंद रस्ते आहेत, खाडीवरचे पूल आहेत, आणि छातीत दुखायला लागलेल्या माणसाला आजही आम्ही रत्नागिरीला नाहीतर कोल्हापूरला नेतो.

समुद्राचं सांगते. ईपीआर भट्टीत साधारण साडेचार हजार मेगावॅट उष्णता तयार होते, त्यातून वीज होते १,६५० मेगावॅट. उरलेली, म्हणजे विजेच्या जवळपास पावणेदोन पट उष्णता, समुद्राच्या पाण्यात जाणार. सहा भट्ट्यांची मिळून सतरा हजार मेगावॅटच्या वर, दिवसरात्र, बारा महिने. मी उष्णता आणि मासळी यांच्यावरच जगते. टाकीतलं पाणी दोन अंशांनी वर गेलं तर लादी धरत नाही, हे मला रोज दिसतं. बांगडा आणि तारलीचे थवे पाण्याच्या गारव्यामागे फिरतात, हे आमच्या तांडेलांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्यातच सुरक्षेसाठी किनाऱ्यालगतचा पट्टा बंद झाला, तर लहान होडीवाल्याने जायचं कुठे? मोठा ट्रॉलर खोल पाण्यात जातो. बिनयांत्रिक होडीवाला आणि खाडीत पाग टाकणारा तिथेच असतो, किनाऱ्याला धरून. जमीन गेलेल्यांना पुढे हेक्टरी साडेबावीस लाख रुपये जाहीर झाले. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो, म्हणून मच्छीमाराचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

आणि एवढं सगळं सोसून प्रकल्प झाला, तरी ती वीज आमची नसेल. ती मोठ्या वाहिन्यांवरून घाट चढून शहरांकडे जाईल. जावी, शहरांतही आमचीच मुलं राहतात. पण प्रकल्प गावात म्हणजे वीज गावात, हे जे आम्हाला सभांमधून सांगितलं गेलं ते खरं नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या कितव्या पिढीला पुनर्वसनासाठी आंदोलन करावं लागतंय, ते आम्ही बघतो आहोत. माझ्या कारखान्याची वीज त्याच जुन्या ११ केव्हीच्या तारेवरून येत राहील, आणि पुढच्या वादळात ती पुन्हा पडेल.

म्हणून आमचं मागणं असं आहे.

जैतापूरचा निर्णय एका वर्षात करा. करार करायचा असेल तर भट्टीची किंमत, बांधकामाची मुदत, कर्ज कोणाचं, उशीर झाला तर भुर्दंड कोणावर आणि युनिटचा दर किती, हे सगळं करारावर सही होण्याआधी मराठीत प्रसिद्ध करा, आणि राज्य वीज नियामक आयोगापुढे त्यावर जाहीर सुनावणी घ्या. दर साठवणुकीसह सौर-पवन विजेच्या दराशेजारी मांडा. महाग पडत असेल तर का घ्यायची ते लोकांना सांगा.

करार होत नसेल तर प्रकल्प रद्द झाल्याचं कागदावर लिहून द्या आणि जमिनीचं पुढे काय करायचं ते मूळ खातेदारांना आणि ग्रामसभांना बरोबर घेऊन ठरवा. ती दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाला परस्पर देऊ नका. नाणार आणि बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या अनुभवानंतर हे स्पष्ट लिहिण्याची आमच्यावर वेळ आली आहे.

यंत्र पुरवणाऱ्याची जबाबदारी जैतापूरच्या करारात तरी लेखी घ्या. नवा कायदा करारात तसं लिहायला मनाई करत नाही.

२०१० ची पर्यावरण मंजुरी ज्या अभ्यासावर दिली, तो आता जुना झाला. समुद्रातली उष्णता, मासळी आणि लहान मच्छीमार यांचा नव्याने अभ्यास करा, त्यात इथल्या मच्छीमार सोसायट्यांना घ्या, आणि तो अहवाल मराठीत ग्रामपंचायतीत ठेवा. वापरलेलं इंधन कुठे आणि किती वर्षं ठेवणार, तेही त्यात असू द्या.

किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखाली घाला. जिथे काम मंजूर आहे तिथे पुरं करा, जिथे नाही तिथे मंजूर करा. नेट मीटरला तीस दिवसांची मुदत घाला आणि मुदत टळली तर त्या दिवसांची वीज ग्राहकाच्या खात्यात जमा धरा. बर्फ कारखाने, शीतगृहं आणि आंबा पॅकिंगच्या शेड यांच्या छपरांसाठी शेतीपंपांसारखी वेगळी योजना आणा. पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. तशी आमच्या खाडीकाठची एक वाडी करून दाखवा. त्याला परदेशी कर्ज लागणार नाही आणि वीस वर्षंही लागणार नाहीत.

या पत्राची प्रत आमच्या परिसरातल्या ग्रामपंचायतींना देत आहे. सुनावणी घ्यायची ठरवलीत तर राजापूरच्या कार्यालयात घेऊ नका, नाट्याच्या जेटीवर घ्या. आणि जून-जुलैत घ्या. बंदीमुळे होड्या तेव्हा किनाऱ्याला ओढलेल्या असतात, सगळे घरी भेटतील.

आपली,
खाडीकाठची एक बर्फ कारखानदार
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी